मदत हवी आहे: एक्सेलची मराठी यादी लिनक्सवर नेली, एकाआड एक ओळ चिनी दिसते

साखर कारखान्याच्या सभासदांची यादी एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह करून लिनक्स सर्व्हरवर नेली आहे. ओळींच्या शेवटचे सीआर (विंडोजच्या ओळीअखेरीचं अदृश्य चिन्ह) टीआर या अक्षरं काढणाऱ्या कमांडने काढले. आता पहिली ओळ नीट दिसते, पण तिला चिकटूनच दुसरी येते आणि तीही चिनी अक्षरांत. तिसरी नीट, चौथी पुन्हा तशीच. शिवाय मूळ फाइलमध्ये ४१२ ओळी असताना डब्ल्यूसी (ओळी मोजणारी कमांड) ४३९ मोजतो. नोटपॅडमध्ये मूळ फाइल व्यवस्थित उघडते. सीआर काढायची दुसरी कमांड आहे का?

प्रतिसाद १

कमांड बदलून भागणार नाही, आधी एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) बदला. 'युनिकोड टेक्स्ट' म्हणजे यूटीएफ-१६. त्यात मराठी अक्षराला दोन बाइट लागतात आणि सीआरलाही दोनच: हेक्समध्ये ०डी ००. टीआर अक्षरं नाही, सुटे बाइट बघतो. त्याने ०डी उडवला, ०० मागे राहिला आणि पुढच्या सगळ्या जोड्या एका घराने सरकल्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी आणखी एक ०डी गेला की जोड्या परत जुळतात, म्हणून तिसरी ओळ नीट दिसते.

जास्तीच्या ओळी 'ऊ'मुळे. त्याचा कोड ०९०ए, फाइलमध्ये तो उलट क्रमाने ०ए ०९ असा पडतो आणि ०ए (नव्या ओळीचा बाइट) दिसला की डब्ल्यूसी ओळ संपली असं धरतो. प्रत्येक 'भाऊसाहेब'मागे एक ओळ वाढते. 'ऍड.' मधला जुना ऍ तर ०९०डी आहे, त्याचा अर्धा भाग टीआर खातो. नव्या ॲ-ला (०९७२) हा धोका नाही.

बिघडलेली फाइल सोडून द्या, मूळ प्रत घ्या. 'फाइल' कमांडने ती यूटीएफ-१६ आहे याची खात्री करा, एन्कोडिंग बदलणाऱ्या आयकॉन्व्हने यूटीएफ-८ करा आणि मग सीआर काढणारं डॉसटूयुनिक्स चालवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे तिन्ही बाइट हेक्स ८० किंवा त्यापुढचेच असतात, त्यामुळे ०डी सापडला तर तो सीआरच.

प्रतिसाद २

आयकॉन्व्हला मूळ एन्कोडिंग नुसतं 'यूटीएफ-१६' सांगा. 'यूटीएफ-१६एलई' लिहिलंत तर सुरुवातीची बॉमची खूण (एन्कोडिंग ओळखायचे बाइट) फाइलमध्ये तशीच राहते आणि पहिल्या कॉलमचं नाव डेटाबेसला जुळत नाही. डोळ्यांना ती दिसत नाही, त्यामुळे शोधण्यात फार वेळ जातो.

फाइल न्यायला-आणायला एफटीपी वापरत असाल तर बायनरी मोडच ठेवा. यूटीएफ-१६ फाइल लिनक्सवरून विंडोजवर आस्की (मजकुराच्या) मोडने आणली की प्रत्येक ०ए-आधी ०डी घुसतो, म्हणजे 'ऊ'च्या पोटातसुद्धा.

प्रश्नकर्ता

जमलं, डब्ल्यूसी आता ४१२ दाखवतो. दोघांचेही आभार. हीच यादी दुरुस्त करून सीएसव्ही म्हणून परत एक्सेलवाल्यांना द्यायची आहे. तेव्हा काय करावं?

प्रतिसाद १

युनिक्सटूडॉस 'एम' पर्यायासह चालवा. सीआर परत येतील आणि बॉमही लागेल. बॉम नसलेल्या सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं तर एक्सेल ती यूटीएफ-८ धरत नाही आणि मराठीचा कचरा होतो. तशी फाइल आधीच कोणाकडे गेली असेल तर त्यांना डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट' घेऊन फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडायला सांगा.