कॉलेज हॉकी अर्धवट सोडली म्हणून पोरं कृतघ्न कशी?

बर्फातला बोका (ॲन आर्बर)

परवा ‘जुना गोफर’ यांनी लिहिलं की अमेरिकेत कॉलेजकडून बर्फावरची हॉकी खेळणारी आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाला एनएचएल या व्यावसायिक लीगच्या करारावर सही करून निघून जाणारी पोरं विद्यापीठाला धर्मशाळा समजतात, आणि चार वर्षं पुरी न करणाऱ्याकडून शिष्यवृत्ती व्याजासकट वसूल करावी. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण कामाच्या वेळेत भांडायचं नाही असं ठरवलंय. आज सुट्टी आहे.

व्याजासकट! गृहकर्ज घेतलंय का पोरांनी?

मुळात हॉकीचं गणित बास्केटबॉलसारखं नाही. इथे पोरगा अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, निवडला जातो आणि तरी निवांत वर्गात बसू शकतो. हक्क क्लबकडे, पोरगा कॉलेजात. ओवेन पॉवरला २०२१ मध्ये बफेलोने अगदी पहिला उचलला, तरी तो मिशिगनला दुसऱ्या वर्षासाठी परत आला. त्या ड्राफ्टमधल्या पहिल्या पाचांपैकी चौघं, म्हणजे पॉवर, बेनियर्स, ल्यूक ह्यूज आणि केंट जॉन्सन, त्या हंगामात मिशिगनच्या, म्हणजे आमच्या, यॉस्ट रिंकवर एकत्र खेळले. २०२२ च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात डेन्व्हरने जादा वेळेत हरवलं आणि लगेच त्यांतल्या तिघांनी सह्या केल्या. मला वाईट वाटलं नाही का? वाटलं. पण माझ्या वाईट वाटण्यासाठी त्यांनी अजून दोन वर्षं गुडघे पणाला लावायचे?

सेलेब्रिनीचं बघा. बॉस्टन युनिव्हर्सिटीत एक हंगाम, सतराव्या वर्षी होबी बेकर, म्हणजे कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, आजवरचा सर्वांत लहान विजेता. मग २०२४ च्या ड्राफ्टमध्ये सॅन होजेने पहिला घेतला. कॉलेजात त्याचं शिकायचं काय उरलं होतं? आणि वसुली कोणाकोणाकडून करणार? हार्वर्डसारखे आयव्ही लीगवाले खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. ॲडम फॉक्स हार्वर्ड तीन वर्षांत सोडून एनएचएलच्या न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. त्याच्याकडून काय, ग्रंथालयाचा दंड घेणार?

जुना गोफर (मिनियापोलिस)

बोकोबा, सुट्टीच्या दिवशी माझी आठवण काढलीत, आभारी आहे.

तुम्ही सोयीची उदाहरणं घेतलीत. आता आमचं, मिनेसोटाच्या गोफर्स संघाचं, ऐका. २०२३ चा अंतिम सामना, टॅम्पा. मिनेसोटा २-० ने पुढे. समोर क्विनिपियाक, ज्यांचं नाव उच्चारायला आमच्या हिला आठवडा लागला. त्यांच्याकडे ड्राफ्टमधले बडे मासे नव्हते, मुरलेली, वयाने मोठी पोरं होती. त्यांनी बरोबरी केली आणि जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला गोल मारला. दहाव्या! मी सोफ्यावरून उठून पुन्हा बसेपर्यंत सगळं संपलं होतं.

नंतर आमच्यातला नाईस एनएचएलला गेला, फेबर गेला. तेही समजून घेतलं. पण लोगन कूली? आधी म्हणाला परत येतो. आम्ही खूश, तिकिटं काढली. जुलैच्या अखेरीस साहेबांनी ॲरिझोनाशी करार केला. जुलैच्या अखेरीस! कोचने तेव्हा पहिल्या फळीचा सेंटर कुठून आणायचा, सुपरमार्केटमधून? जाणाऱ्याने जावं, पण वर्ग भरायला महिना राहिला असताना नाही. धर्मशाळेत निदान सकाळी खोली सोडायची वेळ ठरलेली असते.

चार्ल्सकाठचा (बॉस्टन)

गोफरकाका, जुलैचा मुद्दा रास्त. पण वचन फक्त पोरांनीच पाळायचं का?

डेव्हिड क्विन २०१८ मध्ये आमची बॉस्टन युनिव्हर्सिटी सोडून रेंजर्सचा कोच झाला. त्याच वर्षी माँटगोमरी डेन्व्हर सोडून डॅलसला. २०१५ मध्ये हॅकस्टॉल नॉर्थ डकोटातून फिलाडेल्फियाला. ज्या पोरांना त्यांनी घरी जाऊन, आईच्या हातचं जेवून, ‘चार वर्षं मी तुझ्या पाठीशी’ म्हणून आणलं होतं, ती तिथेच राहिली. त्या कोचांकडून व्याज मागितल्याचं मी कुठे वाचलं नाही. त्यांच्या जाण्याला ‘प्रगती’ म्हणतात.

दुसरं, मार्च-एप्रिलमधल्या घाईची गोम करारात आहे, कृतघ्नपणात नाही. एकवीसपर्यंतच्या पोराचा पहिला करार तीन वर्षांचा आणि पगाराला वरून झाकण. विशी गाठलेल्या पोराने हंगाम संपताच सही करून वर एनएचएलमध्ये एक सामना खेळला, तरी तीनांतलं एक वर्ष खपतं. म्हणजे ज्या दुसऱ्या करारात खरा पैसा आहे तो वर्षभर अलीकडे येतो. कोणीही हेच करेल. तुम्हीही कराल, काका.

मकारचं आठवतंय? २०१९, १३ एप्रिलला मॅसॅच्युसेट्सकडून अंतिम सामना डुलुथविरुद्ध हरला. १५ एप्रिलला कोलोरॅडोकडून प्लेऑफमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल. ड्राफ्टनंतर दोन वर्षं कॉलेज खेळून आला होता आणि तयार होता म्हणून ते जमलं. आणि गंमत अशी की ज्याने चारही वर्षं काढली त्या जिमी व्हेसीलाच लोकांनी गद्दार म्हटलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चार वर्षं पुरी झाली की १५ ऑगस्टनंतर ड्राफ्टमध्ये निवडणाऱ्या क्लबचा हक्क संपायचा. तो नॅशव्हिलला टांग देऊन २०१६ मध्ये रेंजर्सकडे गेला. सोडलं तरी शिव्या, थांबला तरी शिव्या.

शंकेखोर शास्त्री (पुणे)

मी बर्फावरची हॉकी फक्त जावयाच्या टीव्हीवर पाहिली आहे, तेव्हा सेंटर कोण आणि फळी कुठली यात पडत नाही. माझी हरकत शिक्षणाला दुय्यम मानण्यावर आहे.

केन ड्रायडन हे नाव या धाग्यावर अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. कॉर्नेलमधून १९६९ मध्ये पदवी पुरी केली, माँट्रियलला गेला, खेळता खेळता मॅकगिलमधून कायदा शिकला. क्लबशी पैशावरून बिनसलं तेव्हा १९७३-७४ चा अख्खा हंगाम सोडून वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी केली. परत आला, एकूण सहा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकला, पुढे खासदार, मंत्री. डिग्री हातात होती म्हणून मालकाला ‘नाही’ म्हणता आलं.

माझ्या मामेभावाने बी.कॉम.चं दुसरं वर्ष क्रिकेटसाठी सोडलं. जलदगती गोलंदाज. एका पावसाळ्यात खांदा गेला, क्रिकेट गेलं. पस्तिशीत बायकोच्या आग्रहाने मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. परीक्षेला शेजारच्या बाकावर त्याच्या भाचीच्या वयाची मुलगी. तो हसून सांगतो, आम्ही हसत नाही.

नागपुरी तडका (नागपूर)

शास्त्रीबुवा, काय बोलून राहिले तुम्ही! माझ्या चुलतभावानं याच्या उलट केलं. घरच्यांनी सांगितलं, आधी डिग्री घे, मग कबड्डी. डिग्री घेतली तोवर रेडरचे पाय जड झाले. आता डिग्री भिंतीवर फ्रेममध्ये आहे आणि भाऊ विमा विकतो. चांगला विकतो म्हणा, मलाही एक पॉलिसी चिकटवली. पण प्रो कबड्डी लागली की तो टीव्हीच्या खोलीत बसत नाही.

ड्रायडन किती निघतात हो? एक. बाकीच्यांना उडी मारायची वेळ एकदाच येते.

शंकेखोर शास्त्री (पुणे)

एक नाही. एडमंटनचा झॅक हायमन मिशिगनला चारही वर्षं होता, इतिहासात पदवी घेतली, आणि २०२३-२४ च्या हंगामात ५४ गोल केले. जावयाला विचारून लिहितो आहे. थांबणाऱ्याचे पाय जड होतातच असं नाही.

बर्फातला बोका (ॲन आर्बर)

हायमन आमचाच, शास्त्रीजी, त्याचं कौतुक मला सांगू नका. पण तो पाचव्या फेरीत निवडलेला होता, त्याला कोणी घाईने बोलावत नव्हतं. त्याने थांबून स्वतःला घडवलं. पॉवरला आणि हायमनला एकच माप लावताय.

पहाटेची आई (सेंट पॉल)

सगळे पुरुष मोठ्या नावांवर भांडताय. सोडून जाणाऱ्या पाच-दहा जणांचं सोडा, आत शिरायलाच न मिळणाऱ्यांचं कोण बोलणार?

माझा मुलगा गोलकीपर. सहा वर्षांचा असल्यापासून पहाटे पाचला रिंकवर, बाहेर उणे वीस, मी गाडीत थर्मासमधला चहा पीत. गोलकीपरच्या पॅडच्या किमती माहीत आहेत का कोणाला? आम्ही सगळं सेकंडहँड घेतलं, तरी दर दोन वर्षांनी नवीन, कारण मूल वाढतं. शाळेच्या संघात चांगला खेळला. एका कॉलेजच्या सहायक कोचने तोंडी ‘जागा आहे’ म्हटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला, कॅनडाच्या मेजर ज्युनियर या तरुणांच्या लीगमधली पोरं ऑगस्ट २०२५ पासून इथे खेळायला मोकळी झाली, आणि त्या कोचने फोन उचलणं बंद केलं. त्या जागेवर वीस वर्षांचा, तिकडे तीन-चार हंगाम मुरलेला कॅनेडियन. तिकडचा नावाजलेला गॅव्हिन मॅकेना पेन स्टेट विद्यापीठाला आला त्याच्या बातम्या तुम्ही चवीने वाचल्या असतील. मी नाही वाचल्या.

सरकारी विद्यापीठ आमच्या करातून चालतं. आमच्या पोरांना आधी जागा नको?

नागपुरी तडका (नागपूर)

ताई, राग मानू नका, पण हे भूमिपुत्रांचं भाषण सेंट पॉलहून ऐकून मजा वाटली. तुम्ही तिथं कुठल्या कोट्यातून पोचल्या?

पहाटेची आई (सेंट पॉल)

राग मानतेच आहे. मी शिकून, रांगेत उभी राहून आले, आणि माझा मुलगा इथे जन्मला. तुमच्या नागपुरात मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या मुलांना राखून ठेवतात तेव्हा कोणी हसतं का? तिथे तो न्याय, इथे मी मागितला की विनोद?

शंकेखोर शास्त्री (पुणे)

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या पुतणीच्या वेळी त्या अधिवासाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत इतक्या खेपा घातल्या की शिपाई नावाने ओळखायला लागला. नियम आहे तर आहे.

चार्ल्सकाठचा (बॉस्टन)

मेडिकलचा डॉक्टर उद्या त्याच राज्यात रुग्ण तपासणार, म्हणून तो कोटा. गोलकीपर कुणाचं ऑपरेशन करणार आहे? हॉकी संघ सामने जिंकायला असतो. शिवाय आता एका संघात २६ खेळाडूंची मर्यादा ठरवणाऱ्या कॉलेजांना प्रत्येक जागा मोजून द्यावी लागते. तोंडी शब्दाला तिथे किंमत उरलेली नाही. हे वाईट आहे, पण त्यात कॅनडाच्या पोरांचा दोष काय?

जुना गोफर (मिनियापोलिस)

या बाबतीत मी ताईंच्या बाजूने. डग वूग कोच होता तेव्हा गोफर्समध्ये राज्याबाहेरचा पोरगा जवळपास घेतच नसत. रोझो, वॉरोड, एव्हलेथ, मिनेसोटातली सगळी गावं घरच्यासारखी माहीत असायची. काय अभिमान होता त्या संघाचा!

बर्फातला बोका (ॲन आर्बर)

आणि विजेतेपदं किती आली त्या अभिमानाला? शून्य. १९८९ मध्ये तुमच्याच सेंट पॉलात हार्वर्डने जादा वेळेत हरवलं. पुढे २००२ मध्ये मेनविरुद्ध जादा वेळेत निर्णायक गोल कोणी मारला? ग्रँट पोटुल्नीने. नॉर्थ डकोटाचा, त्या संघातला बाहेरचा एकटा! आणि २००३ चं विजेतेपद थॉमस व्हानेकच्या जोरावर. तो तर ऑस्ट्रियाचा. तुमच्या भूमिपुत्रांना कप परप्रांतीयांनी आणून दिला, काका.

पहाटेची आई (सेंट पॉल)

कप तुम्ही कपाटात ठेवा. मी अठरा वर्षांच्या मुलाबद्दल बोलत होते. तो आता इंजिनियरिंग करतो आणि क्लबच्या संघात फी भरून खेळतो. त्याला कोणी कृतघ्नही म्हणणार नाही, कारण कोणी काही दिलंच नाही.

नागपुरी तडका (नागपूर)

ताई, कोट्याचा टोमणा मारायला नको होता असं बायको म्हणते. मी अजून विचार करून राहिलो.

चार्ल्सकाठचा (बॉस्टन)

मूळ विषयाकडे येऊ या का? एक तोडगा: सही करून जायचं तर मे अखेरपर्यंत. त्यानंतर क्लबने पोराला उचलायचं असेल, तर त्याची उरलेली डिग्री क्लबच्या खर्चाने. कॅनडात वेस्टर्न हॉकी लीग खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची शिष्यवृत्ती देते, म्हणजे कल्पना काही आकाशातून पडलेली नाही.

बर्फातला बोका (ॲन आर्बर)

मेची मुदत चालेल, गोफरकाकांच्या कूलीला श्रद्धांजली म्हणून. फक्त कोचलाही तीच मुदत.

जुना गोफर (मिनियापोलिस)

कोचला पण ठेवा, माझं काय जातंय. आणि व्याज सोडलं. इतके जण अंगावर आल्यावर मुद्दलावर बोलता येईल. पण एक-दोन वर्षांत जाणारा तो जाणाराच, यावर मी ठाम आहे.

चार्ल्सकाठचा (बॉस्टन)

व्हानेक दोनच वर्षं खेळून २००४ मध्ये गेला होता, काका. त्याच्याकडून मुद्दल कधी घेताय?

जुना गोफर (मिनियापोलिस)

त्याचं नाव काढायचं नाही. तो २००३ देऊन गेलाय, आणि त्यानंतर आमच्याकडे एकही आलेलं नाही. त्याला सगळं माफ.