बी-यू-टी ‘बट’, तर पी-यू-टी ‘पुट’ का?

प्रश्न : हे उदाहरण झिजून गुळगुळीत झालंय, मान्य. पण त्यावर हसून सगळे मोकळे होतात, उत्तर कुणी देत नाही. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये बी कशाला? सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मध्ये के आणि जी-एच कशाला? या स्पेलिंगना काही धरबंद आहे, की सगळी घोकंपट्टीच?

प्रतिसाद : ‘पुट-बट’पासूनच सुरुवात करू, कारण ते दिसतं तितकं वेडगळ नाही. एके काळी दोन्हींत एकच स्वर होता, ऱ्हस्व उ. म्हणजे ‘पुट’ आणि ‘बुट’. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा उ हळूहळू अ-कडे सरकला. ‘कुप’चा ‘कप’ झाला, ‘बुट’चा ‘बट’. मात्र ज्या शब्दांत या स्वराच्या आधी प, ब, फ अशी ओठांची व्यंजनं होती, त्यांतल्या बऱ्याच शब्दांत ओठांचा गोल चंबू तसाच राहिला : पुट, पुश, बुल, फुल.

आता ‘बट’ही ब-नेच सुरू होतो, मग तो कसा निसटला? उच्चारातले बदल रांगेत उभे राहून होत नाहीत, एवढंच म्हणता येईल. काही शब्द वाहून जातात, काही अडकतात. गोल्फमधला ‘पट’ हा तर ‘पुट’चाच सख्खा भाऊ, एक वाहून गेला, एक मागे राहिला. उत्तर इंग्लंडात मात्र हा बदल पोचलाच नाही. तिथल्या बोलीत आजही ‘पुट’ आणि ‘बुट’ यांचं झकास यमक जुळतं. आपला विनोद तिथे कुणाला कळायचाही नाही!

उपप्रश्न : बरं, यू-चं कळलं. पण मग ‘लव्ह’, मुलगा या अर्थाचा ‘सन’, ‘मंक’ यांत उच्चार ‘कप’सारखाच असताना ओ का लिहितात?

प्रतिसाद : छान पकडलंत. या शब्दांतही मुळात उ-च होता आणि जुन्या इंग्रजीत ते यू वापरूनच लिहीत. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे लेखनावर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांची छाप पडली. त्या काळच्या हस्ताक्षरात आय, यू, एम, एन, व्ही ही सगळी अक्षरं म्हणजे नुसत्या आखूड उभ्या रेघा. यू-ला लागून एम किंवा एन आलं, की पाच-सहा रेघांतली कुठली कुणाची ते कळेना. म्हणून अशा ठिकाणी यू-ऐवजी गोल ओ लिहायची पद्धत पडली, असं मानलं जातं. अडचण लेखणीची होती, जिभेची नव्हे. लेखणी गेली, ओ राहिला.

‘नाइट’मधला के मात्र खरोखर उच्चारला जात असे. जुना शब्द साधारण ‘क्निख्त’ असा, आणि अर्थ मुलगा किंवा सेवक. जी-एच ही त्या घशातल्या ‘ख’ची खूण. जर्मनमध्ये याचाच भाऊबंद ‘क्नेख्त’ अजून के-सकट नांदतो आहे. इंग्रजीत के आणि ख दोन्ही गळाले, स्पेलिंग तेवढं उरलं.

‘डेट’मधला बी मात्र शुद्ध आगाऊपणा आहे. फ्रेंचमधून आलेला शब्द बी-शिवायच होता आणि इंग्रज तो तसाच लिहीत. मग विद्वानांना लॅटिनमधला मूळ ‘डेबिटुम’ आठवला आणि त्यांनी बी खोचून दिला. तो कुणी कधी उच्चारला नाही. ‘डाउट’मधला बी आणि ‘रिसीट’मधला पी असेच आले. ‘आयलंड’मधल्या एस-ची कथा तर त्याहून वाईट : त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नव्हता, नुसत्या दिसण्याच्या साम्यावरून एस चिकटवला.

आणखी एक भर : यात स्वरांचा मोठा फेरा राहिला. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. आजचा ‘बाइट’ तेव्हा ‘बीट’सारखा होता, ‘हाउस’ होता ‘हूस’. ‘नेम’ तर चक्क ‘नाम’च्या जवळ होता, संस्कृत नामाशी त्याचं नातं आहेच. आणि नेमकं या धामधुमीत, १४७६मध्ये, विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. पुढच्या दोनेक शतकांत छापील स्पेलिंग गोठत गेलं आणि उच्चार पुढे निघून गेले.

शंका : मग आता बदलून का टाकत नाहीत? आपली देवनागरी बरी, जसं बोलतो तसं लिहितो.

प्रतिसाद : देवनागरी पुष्कळच बरी, पण अगदी तसंही नाही. आकडा असलेला ‘चार’ आणि गुरांचा ‘चारा’ मोठ्याने म्हणून बघा. च वेगळे आहेत, अक्षर एकच.

इंग्रजीत प्रयत्न झाले. अमेरिकेत कोशकार वेब्स्टरने ‘कलर’मधला यू काढला, तो टिकला. पण जीभ या अर्थाचा ‘टंग’ हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, हे त्याचं म्हणणं कुणी ऐकलं नाही.

माझ्या मते सरसकट सुधारणेत तोटाही आहे. सही करणे या अर्थाच्या ‘साइन’मध्ये जी बोलत नाही, पण ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो. जी काढला तर दोन्ही शब्द एका कुळातले आहेत हे डोळ्यांना कळणार नाही. शिवाय उच्चार कुणाचा धरणार? ‘कार’मधला शेवटचा र लंडनमधला माणूस सहसा म्हणत नाही, स्कॉटलंडमधला ठसक्यात म्हणतो. आणि वर म्हटलं तसं, ‘बट’चं नवं स्पेलिंग करायला बसलात तर उत्तर इंग्लंडमधले लोक म्हणतील, आहे तेच बरोबर आहे.