गावच्या शाळेला आठवी जोडायची की पोरं हायस्कूललाच धाडायची?

माणदेशी_गडी :
आमच्या झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत. आता आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते आठवी गावातच पाहिजे म्हणून आठवी जोडून घ्या असा ठराव ग्रामसभेत आला. मी विरोधात हात वर केला तर निम्मं गाव माझ्याकडं बघायला लागलं, घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. म्हणून इथं विचारतो, मी काय चुकीचं बोललो सांगा.

मी १९७२ च्या जूनला आठवीत गेलो, दुष्काळाचं साल. हायस्कूल पाच किलोमीटरवर, वाटेत दोन ओढे, पण पाणी कुठलं, वाळूतनंच जायचो. गावात आम्हाला एकच गुरुजी, सहावी-सातवी एका खोलीत, प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत तेच. हायस्कूलला पहिल्या दिवशी घंटा झाली, इंग्रजीचे सर पुस्तक मिटून उठून गेले, आम्हाला वाटलं शाळा सुटली, आमच्यातला एकजण दप्तर काखेत मारून फाटकापर्यंत गेला पण! शिपायानं कान धरून परत आणला. मग बीजगणिताचे सर आले, त्यांच्यानंतर भूमितीचे, म्हणजे गणिताचेच दोन भाग आणि दोन माणसं, आम्हाला हे सगळं नवलच.

प्रयोगशाळा म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीतलं एक कपाट. त्यातनं सरांनी निळ्या लिटमसचा तुकडा काढला, लिंबाच्या रसात बुडवला, लाल झाला. तोच चुन्याच्या निवळीत घातला, परत निळा. सगळी पोरं बाकावर चढली बघायला. (त्या साली सरांनी लिंबू कुठनं पैदा केलं हे मला अजून कळलेलं नाही.) सहा-सात गावची पोरं, पहिले दोन-तीन महिने प्रत्येक गाव आपापल्या बाकावर आणि एकमेकाला गावाच्या नावानं चिडवणं, दिवाळीनंतर कोण कुठला हे कुणी विचारत पण नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की तेराव्या वर्षी पोरगं गावाच्या वेशीबाहेर पडलं पाहिजे. ते एक वर्ष गावातच घालवलं की नववीला एकदम जड जातं.

औशाची_ताई :
काका, लिटमसचं वाचून मजा आली, पण तुमच्या सातवीत मुली किती होत्या आणि त्यातल्या हायस्कूलला किती आल्या ते लिहिलंच नाही तुम्ही.

मी १९८४ ला आठवीत गेले. सातवीला आम्ही अकरा मुली होतो. आठवीला दोघी. मी गेले कारण हायस्कूलच्या गावात माझा मामा राहायचा आणि दुसरी गेली कारण तिचे वडील त्याच शाळेत शिपाई होते. बाकीच्या नऊ जणींना कुणी नापास केलं नव्हतं, त्यातली एक तर पहिल्या नंबरची होती. नुसतं "एवढ्या लांब पोरगी कशी पाठवायची" एवढं एक वाक्य. एसटी होती की, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला, आणि शाळा अकरा ते पाच. सांगा, आता कुठला बाप पाठवणार?

आणि मी मामाकडं राहिले म्हणजे काय, पहाटे उठून आडावरनं पाणी, सगळ्यांची भांडी, मग शाळा, मामी वाईट नव्हती पण फुकट कोण कुणाला ठेवतं. शाळेत मुलींना मुतारी नव्हती. मुलं मागच्या बाभळीकडं जायची, आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही, आणि महिन्याचे चार दिवस तर घरीच, त्याच दिवसांत भूमितीची प्रमेयं पुढं निघून जायची. तुम्हाला वेशीबाहेर पडायला मिळालं, आमच्या नऊ जणींना वेशीतनंच परत फिरवलं. गावात आठवी असती तर एक वर्ष जास्त शिकल्या असत्या आणि लग्नं पण एक वर्ष लांबली असती, हे वर्ष कमी वाटतंय का तुम्हाला?

वऱ्हाडी_ठसका :
ताई बरोबर बोलून राहिल्या. आमच्याकडं त हायस्कूल म्हणजे डायरेक्ट तालुक्याले. सातवी झाली का पोट्टे कापूस वेचाले, कोण जाते आठवीले.

निवृत्त_मास्तर :
दोन्ही बाजूंनी भावना बोलतायत, थोडा हिशोब मांडतो. मी अनुदानित हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवायचो. मे महिन्यात आम्ही सगळे शिक्षक सायकली काढून आजूबाजूच्या गावांत सातवी पास पोरं गोळा करायला हिंडायचो, दारात जाऊन बसायचो, चहा प्यायचो, "तुमचा बाळू आमच्याकडं द्या" म्हणायचो. लोकांना वाटायचं मास्तरांना केवढी कळकळ. कळकळ होतीच, पण आठवीची तुकडी भरली नाही तर तुकडी तुटते, तुकडी तुटली की एक मास्तर अतिरिक्त ठरतो, हे पण होतंच की. आठवी झेडपीला जोडायचं म्हटल्यावर संस्थाचालक का ओरडले ते यावरनं कळेल.

पण ताई, दुसरी बाजू ऐका. गावात आठवी जोडली आणि वर्गात पोरं सहा. गणित-विज्ञानाचा पदवीधर शिक्षक जागेवर पाहिजे, तो बदली होऊन गेला की सातवीचेच गुरुजी आठवीचं बीजगणित ओढणार, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी पण त्यांच्याच गळ्यात. मग ती सहा पोरं नववीला आमच्याकडं आली की अवयव पाडता येत नाहीत आणि दीड वर्षावर बोर्ड. आमच्याकडं आठवी हे पाया भरायचं वर्ष होतं. तेच गेलं की दोन वर्षांत मास्तर काय जादू करणार.

बाकी नियम साधा आहे. सहावी ते आठवीची सोय तीन किलोमीटरच्या आत हवी. हायस्कूल त्यापेक्षा लांब असेल तर गावाचा हक्क आहे, जवळ असेल तर उगाच दोन दुकानं कशाला.

औशाची_ताई :
सर, आमचं सात किलोमीटर होतं, म्हणजे तुमच्याच नियमानं माझं बरोबर निघालं 🙂

माणदेशी_गडी :
आमचं पण पाच, म्हणजे नियमानं मी हरलोच म्हणा. पण ताई, तुमचं दुखणं वर्गाचं नाही, गाडीचं आणि मुतारीचं आहे. गाडी सहाला येत होती तर गाडीची वेळ बदलायला भांडा, वर्ग कशाला हलवता? आता मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतनं एसटीचा पास फुकट आहे, कितीतरी तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींसाठीच फिरतात. ते नीट चालवा, पोरी हायस्कूलला आपोआप येतील.

औशाची_ताई :
पास फुकट आहे काका, गाडी कुठाय? पावसाळ्यात आमच्या फाट्यावर येऊन बघा, दोन दिवस येते तिसऱ्या दिवशी डेपोत बंद. पोरींची नावं पटावर, पोरी घरी.

टाकळीकर :
मला वेगळंच सांगायचंय. मी महारवाड्यातला, तेव्हा सगळे तसंच म्हणायचे. गावच्या शाळेत मी कुणाचा पोरगा हे गुरुजींपासून पाणी वाढणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना पाठ, पेल्यातनं पाणी ओंजळीत. १९७८ ला आठवीसाठी हायस्कूलला गेलो, तिथं हजेरी आडनावाच्या अक्षरानं, शेजारी बसलेल्या पोराला माझ्याबद्दल काही माहीत नाही, दोघांनी एका डब्यात भाकरी-ठेचा खाल्ला. तो एक महिना मी कधी विसरणार नाही. मग स्कॉलरशिपचे फॉर्म आले आणि सर वर्गात म्हणाले, बी.सी.वाले, म्हणजे मागासवर्गीय, उभे राहा. संपलं. तरी पण त्या पोरानं जागा बदलली नाही हे पण सांगतो, त्याच्या गावच्या दोघांनी मात्र बदलली.

म्हणून मी माणदेशी काकांच्या बाजूनं. गावात आठवी केली असती तर तो एक महिना पण मिळाला नसता. ताई, तुमचं खोटं नाही, पण घराजवळ म्हणजे सुरक्षित हे सगळ्यांना लागू होत नाही. आम्हाला गावच नडत होतं.

औशाची_ताई :
टाकळीकर दादा, हे मी कधी या बाजूनं बघितलंच नव्हतं, खरंच. पण तुमच्या वस्तीतल्या मुली आठवीला आल्या का तुमच्याबरोबर?

टाकळीकर :
नाही. एक पण नाही. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती.

पुणेरी_पाटी :
सगळं ठीक आहे पण त्या काळातला मार कुणी काढत नाहीये. आठवीला बोटं जुळवून उभं करायचे आणि त्यावर डस्टर. आमचे वडील सांगतात तसं, त्यांच्याबरोबरची दोन पोरं केवळ इंग्रजीच्या सरांच्या भीतीनं पळून गेली आणि एक मुंबईला हॉटेलात लागला. काहींना हे "घडवणं" वाटतं बुवा.

माणदेशी_गडी :
मारलं हो आम्हाला पण. मी त्याचं कौतुक केलंय का कुठं? आणि गावचे गुरुजी काय ओवाळायचे का? निगडीची ओली फोक असायची त्यांच्या टेबलावर. आमच्या वर्गातली जी पोरं दिवाळीनंतर गळाली ती माराला भिऊन गेली नाहीत, आईबापाबरोबर खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. आमची बॅच नव्या दहावीची पहिली, मार्च १९७५ ला बसलो, त्याच साली आमच्या पुढची पोरं जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला. निकालाला जी गर्दी झाली त्यात आमच्या आठवीतली निम्मी तोंडं नव्हती. हे मला माहीत आहे, ताईंनी सांगायला नको.

निवृत्त_मास्तर :
आता कडू बोलतो. तुम्ही आठवी कुठं ठेवायची यावर भांडताय, तिकडं गावातली ज्यांची ऐपत आहे ती पोरं पहिलीपासनंच पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी मीडियमला चाललीत. राहिलेल्या पोरांसाठी झेडपी आणि हायस्कूल दोघं ओढाताण करतायत. माणदेशी, तुमच्या सातवीला यंदा पट किती आहे?

माणदेशी_गडी :
नऊ.

औशाची_ताई :
आणि त्यात मुली?

माणदेशी_गडी :
सात. मुलगे गाडीत गेले ना इंग्रजीला.

औशाची_ताई :
मग त्या सात जणींच्या आयांना विचारा की हात वर करायच्या आधी. ग्रामसभेला बोलावलं होतं का त्यांना?