अनुदान, सबसिडी, अर्थसहाय्य: एकच की तीन?

निशिगंध
मंडळाच्या अंकासाठी कॅलिफोर्नियाच्या हायस्पीड रेल्वेवर लेख करते आहे आणि एका कलमापाशी अडले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये इथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन १ए' हा थेट मतदानाला आलेला प्रस्ताव मंजूर केला. ९.९५ अब्ज डॉलरचे कर्जरोखे, त्यातले ९ अब्ज या रेल्वेला आणि ९५ कोटी तिला जोडणाऱ्या स्थानिक रेल्वेंना. पण पैसा मोकळा सोडलेला नाही. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस २ तास ४० मिनिटांत गाठता येईल असा मार्ग हवा. कुठल्याही टप्प्याच्या बांधकामाला रोख्यांतून निम्म्याहून जास्त रक्कम द्यायची नाही. आणि गाडी चालवायला स्थानिक, राज्य किंवा केंद्र सरकारची सबसिडी लागता कामा नये.

मी लिहिलं, 'गाडी सरकारी अनुदानाशिवाय चालली पाहिजे.' मंडळातल्या एका काकांनी खर्डा वाचून विचारलं, "अगं, केंद्राचं सुमारे साडेतीन अब्जांचं अनुदान तर सुरुवातीलाच घेतलं. मग कायदा तिथंच मोडला की!" मोडला नाही. बांधकामाला ग्रँट चालते, उलट निम्मा पैसा बाहेरून आणावाच लागतो. गाड्या धावू लागल्यावर सबसिडी चालत नाही. आपल्याकडे दोन्हीला 'अनुदान'. काय लिहू?

कोषागार
ताई, महाराष्ट्र शासनाने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. अर्थसंकल्पात लेखाशीर्षाच्या, म्हणजे खर्चाच्या सांकेतिक क्रमांकाच्या, शेवटी उद्दिष्टाचा आकडा असतो. ३१ म्हणजे सहायक अनुदाने, ३३ म्हणजे अर्थसहाय्य. ग्रँट ३१ मध्ये, सबसिडी ३३ मध्ये. नोकरीभर देयकं तपासली, ३१ चं देयक ३३ वर टाकलेलं आलं की परत जायचं. तुम्ही 'अर्थसहाय्य' लिहा, प्रश्न मिटला.

सिन्नरकर
काका, तुमच्या कागदावर असेल ३३. आमच्या गावात ठिबकचे पैसे खात्यावर आले की लोक म्हणतात 'सबसिडी पडली' किंवा 'अनुदान जमा झालं'. 'अर्थसहाय्य जमा झालं' असं कुणी म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. अर्थसहाय्य म्हटलं की मला अपघातात माणूस गेल्यावर घरच्यांना मिळणारी मदत आठवते. सरळ 'सबसिडी' लिहा. शब्द आपलाच झालाय.

शब्दवेल
'सहाय्य' नव्हे, 'साहाय्य'. सहाय म्हणजे मदत करणारा, त्याचं भाववाचक साहाय्य. शासनच चुकीचं छापत राहिलं तर मुलांनी काय शिकायचं? आणि सिन्नरकर, सबसिडी आपली कशी? अर्ज इंग्रजीत यायचे म्हणून शब्द इंग्रजीत राहिला. घरात आलेला प्रत्येक पाहुणा घरचा होत नाही.

सिन्नरकर
साहेब, अर्ज कधीचे मराठीत आहेत. तरी शब्द टिकला.

बखर
सबसिडीचं आणि मराठ्यांचं नातं फार जुनं आहे. लॅटिन सब्सिडियम म्हणजे राखीव फौज, मागून येणारी कुमक. आपली 'तैनाती फौज' ती हीच. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. त्या खर्चाला इंग्रज सबसिडीच म्हणत. तेव्हा जो मिंधा तोच पैसे द्यायचा. आज पैसे घेणारा मिंधा. त्यामुळे या रेल्वेसाठी 'तैनाती रक्कम' का म्हणू नये?

शब्दवेल
आज तैनात म्हणजे नेमलेला. त्यात आता पैसा नाही. इतिहास खरा, शब्द लावलेला.

वाहक_निवृत्त
एसटीत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. उरलेले पैसे सरकार महामंडळाला देतं, त्याला 'सवलतमूल्याची प्रतिपूर्ती' म्हणतात. लोक त्याला अनुदान म्हणतात तेव्हा मला राग येतो. सरकारने सवलत जाहीर केली, आम्ही माणसं नेली, त्याचे पैसे मागितले. ती आमची कमाई आहे. तुमच्या कॅलिफोर्नियात म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट दिलं आणि राज्याने फरक भरला, तर कायदा त्याला सबसिडी म्हणेल का?

निशिगंध
काका, प्रश्न अगदी मर्मावर आहे. इथेही भांडण शब्दाच्या कडेवरच झालं. अट आहे ती रेल्वे प्राधिकरणाच्या सेवेला. मधल्या खोऱ्यातला टप्पा आधी बांधायचा आणि तो आधीपासून राज्याच्या पैशावर गाड्या चालवणाऱ्या दुसऱ्या संस्थेला भाडेपट्ट्याने द्यायचा, असा बेत पुढे आला. तूट पडली तरी ती त्या संस्थेची, म्हणजे अट पाळली गेली, ही एक बाजू. मतदारांनी मत दिलं ते असल्या वाटेसाठी नाही, ही दुसरी. याआधी वेगळ्या मुद्द्यांवरही कोर्टकचेरी झाली होती: २०१३ मध्ये सॅक्रमेंटोच्या न्यायालयाने प्राधिकरणाचा निधी आराखडा कायद्याप्रमाणे नाही म्हटलं, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणून शब्द सैल वापरून चालणार नाही. 'तूट भरून काढण्यासाठी सरकारी पैसा' कसं वाटतं?

रेवाकाठ
'तिजोरीला तोशीस न लागता' म्हणा. किती सुरेख मराठी!

कोषागार
सुरेख आहे, पण कायद्यात बसत नाही. ९ अब्जांचे रोखे फेडायचे ते राज्याच्या तिजोरीतूनच, म्हणजे तोशीस आहेच. बंदी फक्त चालवण्याच्या तुटीपुरती. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनला महाराष्ट्राने ५,००० कोटी कबूल केले ते भागभांडवल म्हणून. त्यालाही पेपरवाले अनुदान म्हणून मोकळे होतात. भागभांडवलात मालकी येते, अनुदानात येत नाही.

सिन्नरकर
आणि तिकडे मतदारांनी अट घातली, इकडे कुणी घातली? आपल्या संविधानाचा अनुच्छेद २८२ सांगतो की केंद्र किंवा राज्य कुठल्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकतं. दार पुरतं उघडं. शब्द भोंगळ आहे कारण आपल्याला तो नेमका करायची गरजच पडली नाही.

शब्दवेल
गरज नाही कशी? शिक्षक 'अनुदानित', 'अंशतः अनुदानित', 'विनाअनुदानित' या तीन शब्दांवर संसार करतात. त्यांच्याइतका नेमका अर्थ कुणी लावत नसेल. साहाय्य मात्र साहाय्यच.

कोषागार
अर्थसंकल्पाच्या मागणी पुस्तकात 'सहाय्य' छापलेलं आहे, मी त्यावर सह्या केल्यात. आणि 'अनुदानांच्या मागण्या' म्हणताना तिथं अनुदान म्हणजे सभागृहाने मत देऊन मंजूर केलेला कुठलाही खर्च, पगारसुद्धा. तो दत्तमत. ज्यावर मत घेत नाहीत तो भारित.

बखर
भारितवरून आठवलं. संस्थानिकांचे तनखे एकत्रित निधीवर भारित होते, १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले. मग तनखा हे अनुदान, अर्थसहाय्य की प्रतिपूर्ती? राज्य सोडल्याची भरपाई म्हणून दिला, म्हणजे वाहककाकांच्या हिशेबाने प्रतिपूर्ती.

वाहक_निवृत्त
आम्ही माणसं नेली होती. त्यांनी काय नेलं?