शेरलॉक होम्स नेमका कोणाचा?

प्रश्न (रानवाट): १८९३ च्या डिसेंबरमध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी 'स्ट्रँड' मासिकात होम्सला मारले, वाचक खवळले आणि १९०३ मध्ये लेखकाला तो परत आणावा लागला. या हकिगतीच्या आधारे 'पात्राचे खरे मालक वाचकच' असे आमच्या वाचनकट्ट्यावर ठासून सांगितले गेले. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. वाचकांचा हक्क असलाच, तर तो नेमका कशावर असतो?

प्रतिसाद (जुनी पोथी): होम्स परतला त्यात वाचकांच्या रागाइतकाच अमेरिकन मासिकाने देऊ केलेल्या घसघशीत रकमेचाही वाटा होता, त्यामुळे हा दाखला मला लंगडा वाटतो. स्वतः डॉइल तर होम्सबाबत कमालीचे उदार होते. होम्सवर नाटक करणाऱ्या विल्यम जिलेट यांनी नाटकात त्याचे लग्न लावण्याची परवानगी मागितली, तेव्हा लग्न लावा, खून करा, काय हवे ते करा, असे त्यांनी कळवून टाकले.

वाचकांचा खरा वाटा लेखकाच्या निष्काळजीपणात सापडतो. होम्सचा मित्र डॉ. वॉटसन याचे नाव जॉन एच., पण १८९१ च्या एका कथेत त्याची बायकोच त्याला 'जेम्स' म्हणते. डॉइल यांनी ही चूक कधी निस्तरली नाही. पुढे डोरोथी सेयर्स यांनी युक्तिवाद केला की, 'एच' म्हणजे हेमिश, जेम्सचेच स्कॉटिश रूप, आणि बायको लाडाने त्याचे इंग्रजी रूप वापरत असावी. बीबीसीच्या मालिकेतील वॉटसननेही हेच मधले नाव लावले. मूळ लेखकाने न लिहिलेली गोष्ट एका वाचकाने (त्या स्वतः रहस्यकथालेखिका होत्या, हे खरे) त्या जगात कायमची रुजवली. मालकी म्हणायचीच, तर मी हिला म्हणेन.

प्रतिसाद (कलम ५७): कायद्याला हेमिशचे कौतुक नाही. डॉइल १९३० मध्ये वारले, तरी त्यांच्या शेवटच्या दहा कथांवरील अमेरिकेतील हक्क शाबूत असल्याने होम्सचे संपूर्ण व्यक्तिमत्त्वच अजून आमचे आहे, असा वारसांच्या कंपनीचा दावा होता. २०१४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. तरीही २०२० मध्ये होम्सच्या बहिणीवरील चित्रपटावर खटला भरताना, होम्सच्या मनाचा ओलावा उशिराच्या कथांतच दिसतो, म्हणून तो आमच्या मालकीचा, असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली. तो खटला निकालापर्यंत गेला नाही आणि १ जानेवारी २०२३ रोजी उरलेल्या कथाही मुक्त झाल्या. वाचक आणि लेखक यांच्या भांडणात तिसराच पक्ष पैसे मागतो, हे आपल्या कट्ट्यावर अवश्य सांगावे.

प्रतिसाद (रानवाट): दोघांचेही आभार. मग उद्या मी फास्टर फेणेची नवी कथा लिहून छापली, तर?

प्रतिसाद (कलम ५७): भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत. तोवर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. बनेशचे नाव बदलून 'फुरसुंगीचा सायकलस्वार' केले की काम भागले, असे मात्र समजू नये.