वय ८४, आणि मेंदूतील गुठळी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१०४ : सर्वांना नमस्कार. सासूबाईंची चौकशी करणाऱ्यांना एकत्रच उत्तर देते. महिन्यापूर्वी सकाळी अबोलीचा वळेसर (गजरा) गुंफताना त्यांच्या उजव्या हातातून दोरा निसटला आणि शब्द फुटेना. १०८ ला फोन करून इस्पितळात नेल्यावर सांगण्यात आले की मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असून जांघेतून नळी घालून गुठळी काढता येईल. दिरांचे म्हणणे पडले, "८४ व्या वर्षी कशाला हाल?" त्या वादात आमची वीस मिनिटे गेली, याची खंत आजही आहे.

सी-३०१ (निवृत्त डॉक्टर) : वहिनी, ही शंका घरोघरी निघते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांतील १,२८७ रुग्णांची माहिती २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र मांडली गेली. त्यांतील ऐंशी व त्यावरील वयाच्या रुग्णांपैकी गुठळी काढलेले सुमारे ३० टक्के लोक तीन महिन्यांनी आपले व्यवहार स्वतः करत होते, तर केवळ औषधोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. मृत्यूही कमी झाले.

बी-२०३ : म्हणजे वयाने काहीच फरक पडत नाही, असे समजायचे का भाऊ?

सी-३०१ : तसे मुळीच नाही. गुठळी काढलेल्यांत सर्व वयांचे मिळून स्वावलंबी झालेले ४६ टक्के होते, म्हणजे म्हाताऱ्यांचा निकाल डावाच. उतारवयात धमन्या वेड्यावाकड्या वळतात, त्यामुळे नळी वर सरकवायला वेळ लागतो. मेंदूची राखीव शक्ती उणी असते, आणि गुठळी निघाल्यावरही न्यूमोनियासारखे दुखणे गाठते. उशिरा, म्हणजे शेवटचे ठीक दिसल्यापासून ६ ते २४ तासांच्या दरम्यान, आलेल्यांच्या २०१८ मधील एका चाचणीत तर ऐंशीच्या पुढच्या रुग्णांसाठी मेंदूच्या मेलेल्या भागाची मर्यादा २१ मिलिलिटरच्या आत ठेवली होती, ऐंशीच्या आतल्यांना त्याहून सैल. पण "निकाल डावा" आणि "उपचार व्यर्थ" ही दोन वाक्ये एक नव्हेत. आदल्या दिवशी माणूस स्वतः चालत-जेवत होता की अंथरुणाला खिळलेला, हे जन्मसालाइतकेच, माझ्या मते त्याहूनही अधिक, विचारावे.

बी-२०३ : आमचे आजोबा तर वर्षभर अंथरुणावरच आहेत. मग तिथे निर्णय वेगळा होईल, असेच ना?

सी-३०१ : होऊ शकतो. तो डॉक्टरांशी बसून आताच बोलून ठेवा, रात्री दोन वाजता नव्हे.

ए-१०४ : इस्पितळात आम्हाला पहिला प्रश्न आला तो वयाचा नव्हता, तर "शेवटच्या ठीक कधी दिसल्या?" हा. पोदेर (पाववाला) पाव देऊन गेला तेव्हा त्या त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडल्या होत्या, म्हणून वेळ नेमकी सांगता आली. वळेसर अजून जमत नाही, पेज मात्र स्वतःच्या हाताने घेतात.