वि.: पुणे ते ऑकलंड, ३९ तास

प्रेषक: अ., ग्लेनफील्ड
रविवार, पहाटे ३.१०

नमस्कार मंडळी,

पोचलो एकदाचे. गुरुवारी दुपारी तीनला कोथरूडहून निघालो, काल दुपारी एकला घराचं कुलूप उघडलं. आत्ता पुण्यात पावणेनऊ वाजलेत, त्यामुळे पोट म्हणतंय पानं घ्या. मुलं हॉलमध्ये पत्ते कुटताहेत. उद्या त्यांची शाळा सुरू.

मुंबईत बॅगा देऊन हुश्श करतोय तोच नावाचा पुकारा झाला. बॅग उघडायला लावली. आत सासूबाईंनी दिलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, अर्धा किलो. सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. इतकी वर्षं ये-जा करतोय, मला पत्ता नव्हता. वाट्या तिथेच राहिल्या.

मग विमान अडीच तास उशिरा. सिंगापूरला उतरलो तोवर पुढचं निघून गेलेलं, आणि दुसरं रात्री नऊला. तिथल्या चांगी विमानतळावरची फुलपाखरांची बाग दोनदा बघून झाली. तिसऱ्यांदा धाकटी म्हणाली, "बाबा, ती पण कंटाळली असतील आपल्याला."

तिथेच आईचा मेसेज आला: "सोलापुरी चादरीच्या घडीत महाबळेश्वरचा मध ठेवलाय. खोकल्यावर दे." चार बॅगा भरताना आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं!

खरं सांगतो, ऑकलंडला उतरल्यावर डोकं इतकं बधिर होतं की सामानात काय आणलंय या सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हणून सुटावं असं वाटलं. बायको म्हणाली, सगळ्याला हो म्हण. म्हटलं. मध गेला. तो आणायला बंदीच आहे, मधमाश्यांच्या रोगांमुळे. पण आधीच सांगितल्यामुळे ४०० डॉलरचा दंड वाचला. माझे बूटही काढून घेतले. राजगडावर गुंजवण्याच्या वाटेने गेलो होतो, भर पावसात. तळव्यांना चिखल तसाच. अधिकारी बाई आत घेऊन गेल्या आणि धुऊन, पिशवीत घालून परत दिले. थँक यू म्हटलं खरं, पण घरी येऊन बूट उलटे करून पाहिले. एक कण नाही राहिला.

अ.

---

प्रेषक: र. काकू, माउंट रॉस्किल
रविवार, सकाळी ९.४०

अरे अ., आईला मधाचं सांगू नकोस. खोकला थांबला म्हण.

आणि बुटांचं काय घेऊन बसलास? वायटाकेरेच्या जंगलात कौरीची झाडं मातीतून पसरणाऱ्या रोगापासून वाचवायला आपण जाता-येता बूट घासतोच की. तेव्हा तर कुरकुरत नाहीस.

मुलांना आज दुपारी अजिबात झोपू देऊ नका. उन्हात काढा, असेल तेवढ्या. संध्याकाळी वरण-भात पाठवते, पाचला कुणीतरी येऊन डबा न्या.

---

प्रेषक: स., हॅमिल्टन
रविवार, सकाळी ११.०५

अ. दादा, हे वाचून पोटात गोळाच आला. आई-बाबा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच येताहेत, दोघंच, सिंगापूरमार्गेच. बाबांचे गुडघे दुखतात, इंग्रजी जेमतेम. विमान चुकलं तर काय करतील? औषधं किती आणता येतील?

---

प्रेषक: अ., ग्लेनफील्ड
रविवार, दुपारी १.३०

स., घाबरू नकोस. व्हीलचेअर आजच नोंदव, दोघांसाठीही. आईंना गरज नसली तरी. नाहीतर बाबा पुढे आणि त्या मागे धावताहेत असं होतं. माणूस गेटपर्यंत सोडतो. दोन विमानांत चार तास तरी असू देत, तिकीट थोडं महाग पडलं तरी. तिकीट एकाच बुकिंगवर काढ, म्हणजे विमान चुकलं तर पुढचं बघायची जबाबदारी विमान कंपनीची. आमचं तसं होतं म्हणून निभावलं.

चांगीत आमची तपासणी थेट गेटपाशी झाली. आईंनी पाण्याची बाटली भरून ठेवली असेल तर तिथे ओतावी लागेल, तेव्हा वाद घालू नका म्हणावं. (माझ्या आईने घातला होता, मराठीत.)

औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटांत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. डब्यांत सुटी करून भरू नका. न्यूझीलंडचं प्रवासी घोषणापत्र निघण्याआधीच्या २४ तासांत ऑनलाइन भरता येतं, ते तू इथून भर. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. भरताना आईंना फोनवर धर आणि बॅगेतली एकेक वस्तू विचार. "काही नाही गं, थोडा खाऊ" एवढ्यावर सोडू नकोस. कढीपत्ता आणि मध तर नावं घेऊन विचार.

उतरायची तारीख कळव. हॅमिल्टनहून तुम्ही दोघं आणि बाळ येणार, त्यात चार मोठ्या बॅगा. एका गाडीत मावणार नाही. माझी मोठी गाडी घेऊन येतो. फक्त सकाळी लवकरचं विमान असेल तर आदल्या रात्री फोन कर, आमचं घड्याळ अजून कोथरूडातच आहे.